फिरलेले देऊळ

देगलूरहून होट्टलला जाऊन आलेल्यांना कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील देवळांविषयी मी नव्याने काय सांगावे? तेथे शिल्पे आहेत, शिलालेख आहेत. परंतु सिद्धेश्वराच्या दारात कोणी भक्त देवाशी भांडत बसला होता, अशी कथा काही माझ्या कानी आली नाही. औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथील मूळ देऊळ निम्मे गेले. कथा मात्र पंजाबपर्यंत पोचली.

औंढ्याला गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती देवळाची दुभंगलेली प्रकृती. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन, मूर्तींनी नखशिखान्त मढलेला. वर पाहावे तो चुन्याने पांढरे केलेले साधे शिखर. औरंगजेबाच्या काळी देवळाची मोडतोड झाली आणि पुढे अहल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. लिंग तळघरात आहे. पायऱ्या उतरून, वाकून, जवळजवळ रांगतच तेथे जावे लागते. धिप्पाड गृहस्थांची तेथे जी तारांबळ उडते ती पाहिली म्हणजे नम्रता शिकविण्याचा हाही एक मार्ग आहे असे वाटते!

याच देवळाशी नामदेवांची (१२७०–१३५०) कथा निगडित आहे. नामदेव कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते खपले नाही. त्यांनी त्यांना उठविले. नामदेव मुकाट्याने देवळाच्या पाठीमागे गेले आणि तेथे गाऊ लागले, तो देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. मागील बाजूचा नंदी याची साक्ष म्हणून दाखविला जातो.

आता कोणी चिकित्सक म्हणेल, देवळाची पुन्हा बांधणी झाली, नंदी मागे राहिला आणि त्याचा उलगडा करण्यासाठी मागाहून ही कथा रचली गेली. शंका रास्त आहे. दगडी देऊळ फिरत नाही, हे मलाही कळते. परंतु शंकेचे उत्तर कागदावर सापडते, आणि तेही महाराष्ट्राबाहेर. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांत एकाहून अधिक वेळा आला आहे. औरंगजेब तख्तावर बसला १६५८ साली. म्हणजे देवळाची मोडतोड होण्यापूर्वी निदान अर्धे शतक ही कथा लिहिली गेलेली होती. पदांत गावाचे नाव नाही, हे मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे. औंढ्याशी तिचा सांधा जुळविला तो परंपरेने.

पण त्या पदांत गावाच्या नावाहून मोलाचे काही आहे. आपण मराठीत ही कथा सांगताना पुजाऱ्यांच्या रागाचे कारण पुष्कळदा कीर्तनाची गर्दी, वाटेची अडचण असे सौम्य करून सांगतो. पद तसे करीत नाही. हसतखेळत देवळात आलेल्या नामदेवाला भजन चालू असताना धरून उठविले. तो घोंगडी उचलून मागे जाऊन बसला आणि त्याने देवाला विचारले, मला या हीन म्हटलेल्या जातीत जन्माला का घातलेस? चमत्कार येतो तो या प्रश्नानंतर. दुसऱ्या पदात तर देऊळ नामदेवाकडे फिरले आणि पंडितांच्या वाट्याला त्याची पाठ आली, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे कथा गोड झाली. तिकडे तिची धार तशीच राहिली.

सीमेवरच्या आपल्या या गावात कानडी जाणणारे पुष्कळ आहेत. त्यांना उडुपीच्या कनकदासांची आठवण झालीच असेल. तेथेही भक्त बाहेर राहिला आणि कृष्ण पश्चिमेकडे वळला, असे सांगतात.

नांदेडला तर आपले वरचेवर जाणे असते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिले ते तेथेच. सचखंडात तो ग्रंथ उघडलेला असतो. नामदेवांच्या मुलुखातून गेलेली ती तक्रार, त्या घोंगडीसकट, त्याच्या पानांत आहे.