जालना जिल्ह्यातील परसातलं कोंबडीपालन : खरेदी-विक्री, रोगराई आणि एकमेकांची मदत

जालना म्हटलं की लोकांना स्टील, बियाणं आणि मोसंबी आठवते. कोंबडी कुणाला आठवत नाही. पण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद किंवा खुद्द जालना, कोणत्याही तालुक्यातल्या गावात गेलं तरी पाच-दहा, फार तर वीस-पंचवीस कोंबड्या पाळणारी घरं भेटतात. त्यात आपल्या समाजातली घरं कमी नाहीत. मजुरी, हमाली, छोटी दुकानदारी करणाऱ्या कुटुंबांकडे शेत नसतं, पण घरामागे हातभर जागा आणि एक खुराडं असतं. हे काम बहुतेक बायकाच पाहतात आणि अंड्यांचा पैसाही त्यांच्याच हातात राहतो. वह्या, परीक्षा फी, लेकराच्या तापाचं औषध, हे सगळं त्यातून निघतं. आम्ही शिक्षक मंडळी शाळेत फीचे पैसे कसे जमले म्हणून विचारतो, तेव्हा ‘अम्मीने मुर्गी बेची’ हे उत्तर आम्हाला नवीन नसतं.

म्हणून या विषयाची एकत्र माहिती येथे देत आहोत. कोंबडी कशी पाळावी एवढंच सांगणं पुरेसं नाही. ती कुणाकडून घ्यावी, कुणाला आणि कशी विकावी, मर आली तर काय करावं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला कसं सांभाळावं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

मोठी पोल्ट्री आणि परसातली कोंबडी

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी पोल्ट्रीची वाढ ५ टक्क्यांच्याही आत राहिली. म्हणजे घरामागची कोंबडी संपत चालली आहे, हा समज खरा नाही.

मोठ्या पोल्ट्रीत बॉयलरचा धंदा बहुतेक करारावर चालतो. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषध देते. शेतकरी शेड, वीज आणि मेहनत देतो आणि त्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. पक्षी कंपनीचा आणि भावही कंपनीचा. परसातली कोंबडी मात्र पाळणारीची स्वतःची असते. ती कधी विकायची आणि कितीला विकायची, हे तीच ठरवते. अडचण अशी की ती एकटी असते, आणि एकट्या माणसाला भाव पाडून मागणं सोपं जातं.

मोठ्या अंडी उत्पादकांचीही एके काळी हीच गत होती. व्यापारी ठरवतील तो भाव घ्यावा लागायचा. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली आणि अंड्याचा भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. लाखो कोंबड्या असणाऱ्यांना एकत्र यावं लागलं, मग दहा कोंबड्यांवाल्यांना तर त्याची जास्तच गरज आहे.

कोणती कोंबडी घ्यावी?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. अंडी कमी, पण ती खुडूक बसते, पिल्लं काढते, घार-मुंगसापासून त्यांना राखते आणि उकिरड्यावर स्वतःचं पोट भरते. तिच्या अंड्याला आणि मांसाला बाजारात चढा भावही मिळतो.

वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने खास परसासाठी तयार केल्या. गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. या कोंबड्या गावरानच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त अंडी देतात आणि त्यांचं वजनही लवकर भरतं. मात्र त्या खुडूक क्वचितच बसतात, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईबापांइतकी चांगली निघत नाही. म्हणून दर खेपेला पिल्लं केंद्रातूनच आणावी लागतात. अनुभवी बायका दोन्ही ठेवतात. सुधारित कोंबड्या अंड्यांसाठी आणि दोन-तीन गावरान पिल्लं काढण्यासाठी.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काळी कोंबडी. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जात चांगली आहे, पण तिच्या नावाने झालेला धंदा विसरू नये. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीने पक्षी द्यायचे आणि अंडी-कोंबड्या चढ्या भावाने परत घ्यायच्या, असे करार करून राज्यभरातल्या शेतकऱ्यांकडून पैसे घेतले. २०१९ मध्ये फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तुमचा माल आम्हीच घेऊ, असं कुणी आगाऊ पैसे घेऊन सांगत असेल, तर आधी तो माल आपल्या बाजारात दुसरं कोण घेतं, हे पाहावं.

खरेदी-विक्रीच्या चालीरीती

गावात कोंबडी दोन प्रकारे विकली जाते, नगावर आणि वजनावर. दारावर येणारा व्यापारी नेहमी नगावर मागतो, कारण त्याचा हात काट्यासारखा तयार असतो आणि आपला नसतो. डोळ्यांना पावणेदोन किलोचा वाटणारा कोंबडा काट्यावर सव्वादोन किलो भरला, तर अर्धा किलो फुकट गेला. लटकवायचा छोटा काटा दहा घरांनी मिळून घेतला तरी पुरतो. व्यापारी येण्याआधी वजन करून ठेवावं आणि त्या आठवड्याचा बाजारभाव विचारून घ्यावा. मग सौदा नगावर झाला तरी आपण आंधळे नसतो.

मागणीलाही हंगाम असतो. आखाडात आणि विशेषतः गटारीला गावरान कोंबड्याचा भाव चढतो. श्रावण लागला की उतरतो. नवरात्रात आणि मार्गशीर्षाच्या गुरुवारीही मागणी मंद असते. उरूस, जत्रा, रमजान ईद, डिसेंबरची अखेर या काळात गिऱ्हाईक दारात येतं. कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात, हे धरून उलटा हिशेब करावा. आखाडात विकायचा कोंबडा माघाच्या आसपास अंड्यातून निघालेला असावा लागतो.

पैशाशिवाय चालणारी देवाणघेवाणही मोठी आहे. एकीची कोंबडी खुडूक बसली की शेजारीण तिच्याखाली ठेवायला अंडी देते आणि निघालेली पिल्लं दोघी वाटून घेतात. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती थंड जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहावं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत, कोरं दिसलं तर काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंडी खराब होतात, म्हणून दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यांत चांगला.

कोंबड्याचीही अदलाबदल करावी. एकच कोंबडा तीन-तीन वर्षं ठेवला तर तो स्वतःच्याच तलंगांबरोबर राहतो. मग पिल्लं अशक्त निघतात आणि अंडी घटतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा आणि तो दरवर्षी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाशी बदलून घ्यावा. यात खर्च काहीच नाही.

मर : एकाची लपवाछपवी, सगळ्या गावाचं नुकसान

परसातल्या कोंबडीचा सगळ्यांत मोठा शत्रू राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, लुळे पंख आणि पिळलेली मान ही तिची लक्षणं. यावर औषध नाही, फक्त लस आहे. मर सुरू झाली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं.

आणि नेमक्या याच वेळी चूक होते. दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या आठ मरण्याआधी बाजारात काढल्या जातात. अंगावर आजार घेऊन त्या आठ कोंबड्या आठ घरांत जातात. एका घराचे थोडे पैसे वाचतात आणि पुढच्या पंधरवड्यात तीन गावांची खुराडी ओस पडतात. त्यात एखाद्या विधवेच्या सगळ्या कोंबड्या असतात, हे विकणाऱ्याला कधी कळतही नाही.

म्हणून हे नियम पाळावेत. बाजारातून आणलेली कोंबडी २१ दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावी. आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी करावं, नव्या कोंबडीला नंतर. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. घरात मर असताना ना कोंबडी विकावी, ना दुसऱ्याच्या खुराड्यात जावं.

बर्ड फ्लूचा धोका वेगळा आहे. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. आपले परतूर आणि मंठा हे तालुके परभणीला लागूनच आहेत. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधले पक्षी सरकार नष्ट करतं आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतं. नुकसानभरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवण्यात आपलाच फायदा आहे. शिवाय २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांबाबतच्या कायद्याने कळवणं बंधनकारकही आहे. एकाएकी बरेच पक्षी मेले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

अफवाही तेवढंच नुकसान करते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी खोटी गोष्ट मोबाइलवर फिरली आणि राज्यात कोंबडीचे भाव कोसळले. नीट शिजवलेलं मांस आणि अंडी खाण्यात धोका नसतो. खात्री न करता मेसेज पुढे पाठवणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणं आहे.

दहा घरांचा गट का हवा?

याचं उत्तर लसीच्या बाटलीत आहे. राणीखेतची लासोटा लस लहानात लहान बाटलीतही बहुधा शंभर मात्रांची येते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी कुणी बाटली आणत नाही आणि म्हणून लस राहूनच जाते. पण बारा-बारा कोंबड्यांची आठ घरं एकत्र आली की ९६ पक्षी होतात आणि एक बाटली पुरेपूर वापरली जाते. थर्मासमध्ये बर्फ घालून एकाने लस आणावी आणि सकाळच्या गारव्यात घरोघर फिरून डोळ्यात एकेक थेंब टाकावा.

साधारण वेळापत्रक असं : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवावं.

गटाचे आणखी उपयोग आहेत. मका आणि सोयाबीन पेंड घाऊक घेता येते. जाफराबाद-भोकरदनकडे मका पिकतोच. अंडी एकत्र करून शहरातल्या दुकानदाराला ठरलेल्या वारी देता येतात. आणि ज्या घरात मर झाली, तिथे लस दिलेली एक-एक तलंग प्रत्येकीने दिली की ते खुराडं पुन्हा उभं राहतं. हे खुराडं धुऊन, चुना मारून, महिनाभर रिकामं ठेवल्यानंतरच करावं.

शरीयतच्या दृष्टीने

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं. दोष झाकून विकणाऱ्याबद्दल त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आजारी कोंबडी निरोगी म्हणून विकणं हे तेच ओलं धान्य आहे.

अर्धलीने कोंबडी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्लं निम्मी-निम्मी. हनफी फिकहमध्ये या व्यवहारावर आक्षेप आहे, कारण सांभाळणाऱ्याची मजुरी आधी ठरलेली नसते. त्यावर उलमांनी मार्गही सांगितला आहे : मालकिणीने कोंबडीचा निम्मा हिस्सा आधी दुसरीला विकावा. मग कोंबडी दोघींची होते आणि पिल्लंही दोघींची. आपल्या जवळच्या आलिमांना विचारून घ्यावं आणि कोंबडी मेली तर काय, हेही आधीच बोलून घ्यावं.

घरच्या अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांवर जकात नाही. विकण्यासाठीच खरेदी केलेल्या कोंबड्या मात्र व्यापारी माल धरल्या जातात. निसाब आणि वर्ष पूर्ण झालं तर त्यांच्या किमतीवर अडीच टक्के जकात येते. झुंजी लावणं दीननेही मना केलं आहे आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानेही. पाय बांधून, उलट्या लटकवून मोटारसायकलवर कोंबड्या नेणं हीसुद्धा क्रूरताच आहे. टोपली किंवा जाळीचा पिंजरा वापरावा.

प्रशिक्षण आणि योजना

जालन्याजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे कोंबडीपालनाची माहिती विचारता येते. राज्य सरकारच्या चार मध्यवर्ती अंडी उबवणूक केंद्रांपैकी एक छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) आहे, जालना शहरापासून साठेक किलोमीटरवर. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत एक दिवसाची १०० पिल्लं किंवा २५ तलंगा व ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. अर्ज कधी सुटतात, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. मोठं काम करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात गावरान कोंबड्यांचं पैदास केंद्र उभारायला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. महिला बचत गटांसाठी ‘उमेद’ आणि ‘माविम’ आहेत.

व्याजामुळे अनेक भगिनी बँकेकडे जात नाहीत. त्यांच्यासाठी मोहल्ल्यातली भिशी किंवा कर्जे-हसना हा मार्ग आहे. पाच तलंगा आणि एक कोंबडा घ्यायला फार मोठी रक्कम लागत नाही. जमातीने दरवर्षी दोन-तीन गरजू घरांना एवढी मदत केली आणि पहिली पिल्लं विकल्यावर ती रक्कम पुढच्या घराकडे गेली, तर तोच पैसा वर्षानुवर्षं फिरत राहील. दिवाळीनंतर पिल्लं काढायचा हंगाम सुरू होतो. त्याआधी दहा घरांची यादी करावी आणि लसीचा दिवस ठरवावा.