गणवेश, जिलबाब आणि नाकातली चमकी

ऑगस्ट संपत आला की इथल्या दुकानांत शाळेच्या गणवेशाच्या खरेदीची झुंबड उडते. भारतात काय किंवा ब्रिटनमध्ये काय, गणवेशामागचा हेतू एकच: श्रीमंत-गरीब, या धर्माचा-त्या धर्माचा हे भेद वर्गाच्या दाराबाहेर राहावेत. पण याच गणवेशावरून गेल्या काही दशकांत मोठे खटले झाले. इतिहासाच्या आवडीपोटी मी त्यांचे निकाल वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो. कारण मुसलमानांच्या पोशाखाचा विषय निघाला की आपल्या गप्पांची गाडी हमखास ‘ती माणसे अशीच’ या वाक्यावर येऊन थांबते.

पहिला खटला ल्यूटनचा. लंडनच्या उत्तरेला सुमारे तीस मैलांवर असलेल्या या गावातल्या डेनबी हायस्कूलमध्ये त्या वेळी जवळपास ७९ टक्के मुले मुसलमान होती. मुलींना स्कर्ट, पँट किंवा सलवार-कमीज यांतले काहीही चालत असे, आणि डोक्याला स्कार्फही बांधता येई. हे ठरवताना शाळेने पालकांचे, विद्यार्थ्यांचे आणि गावातल्या मशिदींचेही मत घेतले होते. शबिना बेगम ही मुलगी दोन वर्षे सलवार-कमीज घालूनच शाळेत गेली. सप्टेंबर २००२ मध्ये मात्र ती जिलबाब, म्हणजे अंगाची ठेवण दिसू न देणारा पायघोळ झगा, घालून आली. सोबत तिचा भाऊ आणि आणखी एक तरुण होता. शाळेने तिला गणवेश घालून यायला सांगितले. ती गेली ती त्या शाळेत परतलीच नाही. प्रकरण न्यायालयात गेले. आधी ती हरली, मग मार्च २००५ मध्ये अपील न्यायालयात जिंकली आणि अखेर २२ मार्च २००६ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने कौल दिला.

वरवर पाहता हा ‘इस्लाम विरुद्ध ब्रिटिश शाळा’ असा सामना वाटतो. पण शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या यास्मिन बेव्हन, स्वतः बंगाली मुसलमान घरात जन्मलेल्या. जिलबाबला परवानगी दिली तर आपल्यावरही तो घालण्याचा दबाव येईल, अशी भीती शाळेतल्या काही मुसलमान मुलींनीच बोलून दाखवली होती. दुसरीकडे, शबिनाची श्रद्धा प्रामाणिक होती याबद्दल न्यायालयात कोणाचाच वाद नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंना श्रद्धावंत मुसलमानच उभे होते.

या दोन निकालांच्या मधल्या काळात, ७ जुलै २००५ रोजी, चार तरुणांनी याच ल्यूटनच्या स्टेशनवरून लंडनची गाडी पकडली आणि बाँबस्फोटांत ५२ जणांचे प्राण घेतले. मृतांत मुसलमानही होते. आता धर्माची पारख अनुयायांवरून करायची म्हटली, तर कोणत्या अनुयायांवरून करायची? त्या चौघांवरून, शबिनावरून, की मुख्याध्यापिकाबाईंवरून?

फ्रान्सची कथा वेगळी. तिथे १९८९ मध्ये क्रेय गावातल्या तीन मुलींना हिजाबमुळे वर्गात बसू दिले नाही, तेव्हापासून वाद पेटला. धर्म आणि सरकार यांची फारकत तिथे १९०५ सालीच झालेली. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली. चर्चा सारी हिजाबची होती, पण त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथे तीन शीख मुलांना शाळेबाहेर काढण्यात आले. एकासाठी केलेला नियम दुसऱ्यालाही लागतो तो असा. पुढे २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्यांतल्या एकाच्या बाजूने मत दिले.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे. दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या एका मुलींच्या शाळेत दक्षिण भारतीय वंशाची हिंदू विद्यार्थिनी नाकात चमकी घालून आली. शाळेने ती काढायला सांगितली. हट्टी मुलगी, फॅशनचे खूळ, असे कोणीही सहज म्हटले असते. पण ५ ऑक्टोबर २००७ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. एखादी चाल धर्माने सक्तीची केलेली नसली, तरी माणूस ती मनापासून पाळत असेल तर तिलाही संरक्षण आहे, असे न्यायालयाने सांगितले. तो निकाल वाचताना आपल्यापैकी कितीजणांना आपल्या घरातल्या लेकीसुनांची आठवण येईल!

शाळेत काय चालावे आणि काय नाही, यावर शहाण्या माणसांचीही मते वेगळी पडतात. उडुपीच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. मला स्वतःला ल्यूटनचा निकाल पटतो. शाळेने सर्वांना विचारून वाट काढली होती. दुसऱ्या कोणाला तो पटणार नाही. पण नियमाबद्दल वाद घालणे वेगळे आणि एका झग्यावरून कोट्यवधी माणसांची जात ठरवणे वेगळे.

एकाच्या कृत्याचे माप साऱ्या समाजाच्या पदरात टाकले की काय होते, हे मराठी माणसाला शिकवावे लागू नये. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याचा ब्राह्मण निघाला एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत त्या खुनाशी काडीचाही संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ‘अठ्ठेचाळीसचे जळित’ हा शब्द आपल्यातल्या कित्येक घरांत अजून हळू आवाजात उच्चारला जातो. ज्यांची घरे जळली त्यांना कोणी विचारले नव्हते, की बाबा रे, तुझे मत काय?

परदेशात आपणही कोणाच्या तरी नजरेत ‘ती माणसे’ असतोच. आपली मुले रंगीबेरंगी वर्गांत बसतात आणि स्कार्फ बांधलेल्या मैत्रिणीला नावाने ओळखतात. घरी आपण ‘ते लोक’ म्हणू लागलो, तर त्यांनी त्या मैत्रिणीविषयी काय समजावे? एवढा विचार आपण मोठ्यांनी केला तरी पुष्कळ झाले.