दौंड-खडकीचा बिनतारी झोत

सोलापूरहून पुण्यास निघालेली आगगाडी कुर्डुवाडी, जेऊर आणि भिगवण मागे टाकून दौंडास येते. मनमाडचा फाटा फुटतो ते जंक्शन, एवढीच या गावाची ओळख बहुतेक उतारूंना असते. परंतु 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी संदेशांचा थेट मार्ग खुला झाला, तेव्हा विलायतेहून येणारे शब्द प्रथम उतरत ते दौंडाच्या माळावर. आणि येथून जाणारे निघत ते खडकीजवळच्या दिघीहून.

त्यापूर्वी दूरदेशीची वार्ता समुद्राच्या तळाशी घातलेल्या तारेतून येई. मुंबई या मार्गाने 1870 साली इंग्लंडशी जोडली गेली होती. ही तार भरवशाची खरी. पण महाग, आणि मोजक्या कंपन्यांच्या हाती. बिनतारी मार्ग काढावयाचा, तर प्रचंड शक्तीची दीर्घलहरी केंद्रे उभारावी लागतील, असाच तज्ज्ञांचा समज होता. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी तो खोटा ठरविला. दिव्यामागे आरसा धरला म्हणजे उजेड एकाच दिशेस पडतो, त्याप्रमाणे तारांच्या पडद्यामागे दुसरा पडदा उभारून त्यांनी लघुलहरींचा झोत केला. वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावर आदळून तो झोत परत पृथ्वीकडे वळतो आणि थोड्या शक्तीत हजारो मैल जातो. मात्र हा थर दिवसरात्र पालटतो. म्हणून दिवसाची लहर वेगळी, रात्रीची वेगळी.

प्रेषण खडकीस आणि ग्रहण दौंडास, अशी फारकत करण्याचे कारणही साधे होते. जवळच नगारा वाजत असता दूरची कुजबूज ऐकू येत नाही. म्हणून दोहोंमध्ये सुमारे 45 मैलांचे अंतर राखले गेले. इंग्लंडातही हीच रीत होती: ग्रिम्स्बीचे केंद्र बोले, स्केग्नेसचे ऐके. संदेश देणारा-घेणारा गृहस्थ मात्र या माळांवर कधी येत नसे. मुंबईच्या कचेरीतून साध्या तारेने ही केंद्रे चालत. 1877 साली पहिली गिरणी निघालेल्या सोलापुरासारख्या कापडाच्या शहरास परमुलखातील बाजारभाव वेळेवर कळणे म्हणजे धंद्याचे अर्धे बळ. अशा गावांना स्वस्त संदेशाचे मोल सांगावयास नको.

स्वस्ताईची ही चढाओढ फार दिवस टिकली नाही. बिनतारी संदेशाने समुद्रतारेचे गिऱ्हाईक ओढले, तेव्हा ती तार बुडू नये म्हणून साम्राज्यभर दोन्ही धंदे एकत्र करण्यात आले. हिंदुस्थानात 1932 साली त्यांची एकच कंपनी झाली. पुढच्याच वर्षी लंडनशी बिनतारी दूरध्वनी सुरू झाला. 1947 च्या 1 जानेवारीस, स्वातंत्र्यापूर्वी काही महिने, हा सारा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला.

पुढे 1971 साली पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे केंद्र उभे राहिले. आकाशातील लहरी थरावर विसंबून राहण्याची गरज सरली, आणि लघुलहरींचे महत्त्व एकेक वर्षाने ओसरत गेले. 2002 साली परदेश संचाराची सरकारी कंपनी खाजगी हाती गेली, तेव्हा दिघीची पाचशेहून अधिक एकर जमीन ‘अतिरिक्त’ ठरवून व्यवहारातून बाजूला काढण्यात आली.

या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. ज्या मोकळ्या रानास कागदोपत्री अतिरिक्त म्हटले गेले, ते रान एके काळी यंत्राचाच भाग होते. मनोऱ्यांची रांग उभी राहावी, झोतास आडकाठी नसावी, यासाठीच तो विस्तार राखला होता. दौंडास तर माळाची शांतता हेच मुख्य साधन. ती नसती, तर समुद्रापलीकडची क्षीण कुजबूज तेथे कोणास ऐकू आली असती?

किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी त्याचे दगड इतिहास सांगतात. लहरींचा मागमूस मात्र मातीत उरत नाही. मनोरा उतरला की साक्षीदार गेला. म्हणून दौंडास गाडी थांबेल, तेव्हा सोलापूरच्या उतारूने खिडकीबाहेरच्या माळाकडे एकदा आदराने पाहावे. त्याच्या आजोबांच्या काळी साऱ्या देशाच्या वतीने विलायतेकडे कान लावून बसण्याचे काम या माळाने केले आहे.