माझगावसमोरील ‘डफरिन’

ज्या किनाऱ्यावरील तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या तोफांनी, आणि दुर्दैवाने पेशव्यांच्या संमतीने, भस्मसात झाले, त्याच किनाऱ्यावरील खलाशी पुढे परकीय कंपन्यांच्या आगबोटींवर भट्टीत कोळसा ओढीत, सुकाण धरीत, सारंग व तांडेल होऊन हाताखालच्या माणसांचा बंदोबस्त राखीत. परंतु जेथून जहाजाला हुकूम सुटतो त्या ब्रिजवर अधिकाऱ्याच्या पोशाखात उभे राहणे त्यांच्या नशिबी नव्हते, कारण त्यासाठी लागणारी शिकवण हिंदुस्थानात कोठेच मिळत नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर हा सल तीव्र झाला. वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांनी स्थापिलेल्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा मालकी देशी असली तरी जहाज चालविणारे अधिकारी परकेच होते. सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरल्यावर सरकारने १९२३ साली कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली. तिच्या शिफारशीतून व्यापारी जहाजांवरील अधिकारी तयार करण्यासाठी १९२७ च्या अखेरीस माझगावसमोर ‘डफरिन’ नांगरली गेली. १९०४ साली बॅरो येथे बांधलेले हे सरकारी सैन्यवाहू जहाज आता विद्यालय झाले. आणि इलाख्याइलाख्यांतून निवडलेली, घरच्या मायेत वाढलेली मुले त्याच्या तक्तपोशीवर तीन वर्षे नौकानयन, गणित आणि शिस्त यांचे धडे गिरवू लागली.

तथापि खरी कसोटी शिक्षणानंतर होती. बड्या विलायती कंपन्या या तरुणांना आपल्या जहाजांवर घेण्यास राजी नव्हत्या, त्यांचा मुख्य आधार सिंदियासारख्या देशी कंपनीचाच राहिला. आणि किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे साराभाई हाजी यांचे १९२८ चे विधेयक सरकारी विरोधामुळे तडीस गेले नाही, ही गोष्ट मला त्या काळातील सर्वांत कटू वाटते. कारण विद्या देऊन व्यवसायाचे दार बंद ठेवणे हा अन्याय विद्या नाकारण्याहून लहान नव्हे.

एवढ्या प्रतिकूलतेतही पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी यांनी प्रथम हुगळी नदीच्या सर्वेक्षण खात्यात आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात आपले कर्तृत्व सिद्ध केले व २२ एप्रिल १९५८ रोजी ते भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. व्यापारी जहाजांसाठी स्थापिलेल्या ‘डफरिन’ने स्वतंत्र राष्ट्राच्या युद्धनौकांना आपला पहिला सेनानी दिला, ती स्वतः मात्र १९७२ पर्यंत मुंबई बंदरात मुले घडवीत राहिली.