धानामागून आलेलं नाटक

वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. कित्येक वर्षं जिल्ह्यातलं एकमेव स्टेशन हेच. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, कुठूनही यायला सोयीचं. म्हणून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांनी इथेच बस्तान मांडलं. हंगामाच्या तोंडावर गावोगावची मंडळं येतात, नाटक निवडतात, तारीख पक्की करतात आणि इसार देऊन जातात.

या नाटकाचं मूळ मात्र धानाच्या बांधीत आहे. धान घरात आलं की हाताला उसंत आणि गाठीला पैसा. मग मंडईची जत्रा भरायची, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट व्हायचा. पट बघायला आलेला पाहुणा रात्री मुक्कामाला राहायचा, त्याच्यासाठी दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्यं. बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करायचे. पुढे संगीत नाटकाची पेटी, पडदे आणि पदं या खेळात आली आणि झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलं. 2014 साली न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, पट काही वर्षं थांबले. नाटक थांबलं नाही.

जमीन खणून उतार काढायचा, भोवती कनाती ताणायच्या, झालं थिएटर. घोंगडी, चादरी घेऊन आलेली माणसं पहाटेपर्यंत बसतात. नटाला आज या गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. तालमीला वेळ कुठला? सगळी भिस्त विंगेतल्या प्रॉम्प्टरवर.

शेतातून नाटक इतरत्रही उगवलं, पण वेगळ्या कारणाने. कॅलिफोर्नियात 1965 साली द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप पेटला, तेव्हा लुईस वाल्देझ या मेक्सिकन वंशाच्या तरुण नाटककाराने ट्रकच्या हौद्यावर मजुरांनाच नट केलं. तिथे नाटक लढ्याच्या पोटी जन्मलं. इथे ते सुगीच्या पोटी जन्मलं आणि प्रश्न मागाहून आत शिरले: हुंडा, दारू, अंधश्रद्धा, कर्जात बुडालेला शेतकरी, नक्षलवाद. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या रंगमंचावर हजारो प्रयोग केले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तरी लावणी आणि विनोदी पात्राला इथे सुट्टी नाही. व्यसनमुक्तीचं नुसतं भाषण ऐकायला कुणी तिकीट काढत नाही. आधी रात्रभर माणूस बसता ठेवायचा, मग त्याला त्याच्याच घरातली गोष्ट सांगायची. हे ज्या कंपनीला जमतं, तिलाच पुढच्या साली तारखा मिळतात.