ब्रेकच्या भरवशावर

वेगाचं कौतुक सगळ्यांनाच, थांबण्याचं कुणाला? इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं ते १९०२ साली. त्याचं चीज मात्र झालं १९५३मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार जिंकली, त्यात या ब्रेकचा वाटा मोठा होता. ड्रमपेक्षा उघडी तबकडी लवकर निवते. त्यामुळे वळण अगदी जवळ येईपर्यंत वेग राखता येई.

आजही हौशी मंडळी ट्रॅकवर जाण्याआधी घरीच ब्रेक पॅड बदलतात. सोबत ब्रेक ऑइलही बदलायला हवं. ते हवेतला ओलावा शोषतं. असं जुनं ऑइल तापलं की लवकर उकळतं, नळीत वाफ धरते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. नवे पॅड मग नुसते नावाला!