पूल आणि प्रतिमा

३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळून चूरलमला व मुंडक्कई यांना जोडणारा पूल वाहून गेला. बेंगळुरूस्थित मद्रास इंजिनिअर ग्रुपने तेथे १९० फुटांचा बेली पूल १ ऑगस्टला पूर्ण केला. हा पूल मूळचा दुसऱ्या महायुद्धातील चढाईचे साधन. सैन्याविषयीची लोकभावना बहुधा अशा अर्थांतरातूनच घडते. स्मरणात मात्र पुलापेक्षा त्यावर उभ्या मेजर सीता शेळके यांचे छायाचित्र राहिले. त्या पारनेर तालुक्यातील गाडीलगावच्या. तेव्हा मराठी वाचकाला ‘आपली लेक’ दिसली, हे स्वाभाविकच. कौतुक रास्त आहे. परंतु पोलादी सांगाडे खांद्यांवर वाहणारे जवान अनामच राहिले. आणि पैलतीरी आप्तांना शोधणारे तर या प्रतिमेत नाहीतच.